बाई, निताईचं कार्ड आलं होतं

बाई, तुही तेरवी होऊन महिना होत आला. लोकं आले, जेवले, तुह्याबद्दल चांगलं बोलून गेले. मी तुहा भाऊ, भिंतीले टेकून ऐकत राह्यलो. मले चारचौघात बोलता येत नाही आन रडता तर मुळीच येत नाही. दुसरीच्या वर्गातून गुरुजीसंगं भांडून मी शाळा सोडली, म्हणून अक्षर वाकडं आहे. पण हे दुसऱ्याच्या हातून लिहून घेण्यासारखं नाही.

तापात तू तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळे उघडले आन मले विचारलं, "निताईचं काई समजलं काय रे?"

मी म्हटलं, "नाई."

तू म्हटलं, "बरं."

त्याच्यानंतर तू माह्यासंगं बोलली नाही. संध्याकाळी गेली.

मी खोटं बोललो, बाई. निताईचं कार्ड आलं होतं. येऊन दीड-दोन सालं झाले होते.

तू असती तर म्हटलं असतं, सरळ सांग, वाकडा जाऊ नको. तर सरळ सांगतो.

आपली लढाई अजून लागायची होती. तिकडच्या बंगालातून लोकं जीव घेऊन पळून राह्यले, असं स्टेशन मास्तरच्या रेडिओवर रोज सांगत. आपल्याले त्याचं काय? बंगाल कुठं, जऊळका कुठं. पोळा होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील. मी वावरातून आलो तर अंगणात एक म्हातारी बसलेली. पांढरं, फाटकं लुगडं, डोक्यावरचे केस बारीक कापलेले. तिच्या बाजूले पंचविशी-तिशीचा एक काळा, उंच गडी. आन तू त्यायच्यापुढं भाकरी वाढून राह्यली.

"हे कोण?" मी विचारलं.

"पाव्हणे."

"कुठले?"

"लढाईकडचे," तू म्हटलं. जशी लढाई म्हणजे शिरपूरच्या पलीकडचं एखादं गाव आहे.

मागून मास्तरनं सगळं सांगितलं. निताई आन त्याची माय. त्याची बायको आन लेकरू छावणीत हगवणीनं गेलं. चांद्याकडच्या जंगलात त्याचा मामा आधीच येऊन वसला होता, त्याच्याकडे निघाले होते. जिथं उतराचं तिथं झोप लागली, अकोल्यात कोणं तरी उतरवलं, आन ते उलट्या बाजूच्या छोट्या गाडीत बसले. जऊळक्याले उतरून दोन दिवस फलाटावरच्या निंबाखाली होते. सारं गाव त्यायले पाहून आलं होतं. तू पाहून आली नाही, घेऊन आली.

मी म्हटलं, "बाई, बंगाली मासे खातात. तू माळकरी हाये."

"माळ मी घातली. त्यायच्या पोटाले माही माळ कायले?"

"आन राह्यतीन कुठं?"

"कोठ्यात. बैल निंबाखाली बांध. बैलायचं घर कोणं जाळलं नाई."

मी रागानं बैल बाहेर बांधले. पण खरं लिहितो, दोन-चार दिवसांत मलेच ते आवडाले लागलं. गावात माह्याच घरी निर्वासित होते. बाजाराच्या दिवशी शिरपूरले लोकं विचारत, "तुमच्या घरी हायेत म्हणे?" मी म्हणो, "हायेत ना. माणूस माणसाच्या कामी नाई पडंन तर काय." घरी कोणी आलं की मी निताईले हाक मारो. तो येऊन हात जोडे. एकदा पाव्हणे गेल्यावर तू म्हटलं, "तू त्यायले नव्या बैलजोडीसारखं दाखवून राह्यला. दात मोजाले लावले नाई तेवढं बरं."

मी आठ दिवस त्या बोलण्यावर फुगलेला होतो. तुह्या ध्यानातही नव्हतं.

निताईले बैलायचं काही समजे नाही. त्याच्या मुलखात नदीच नदी, तो नाव चालवणारा. वखर धरला की मागं रेलून असा ओढे जसं वल्हं मारून राह्यला. बैल थांबत आन मागं वळून त्याच्याकडे पाहत. मी बांधावर बसून हसलो की तोही हसे. त्याचं हसणं मले चाले. मास्तरजवळ शिकलेल्या मोडक्या हिंदीत तो मले मामा म्हणे आन तुले माशी, म्हणजे मावशी. त्याची माय तुले दीदी म्हणे.

नाल्यावर जाऊन तो बारीक मासे पकडे आन भोयाच्या घरी शिजवून खाऊन येई, हे मले समजलं तव्हा मी तुह्यावर चढलो. तू ज्वारी पाखडत होती, सूप थांबलं नाही. "त्याच्या पोटात गेलं, माह्या चुलीत नाई गेलं. वास येते काय तुले? मले नाई येत."

पण त्याची माय मासे खात नव्हती. कांदाही खात नव्हती. तिचं तीच शिजवून, भांडं घासून पालथं घाली. हे मी पाहत होतो आन मले वाटे, आपल्या घरच्या भांड्याले विटाळ मानते. तुले तसं कधी वाटलं नाही. तुम्ही दोघी कापूस वेचाले जात. ती तिच्या भाषेत बोले, तू आपल्या भाषेत. एका तासावर, कापसाच्या एकाच ओळीवर दोघी, आन दुपारभर बोलणं चालू. मी एकदा विचारलं, "तुले तिचं काय समजते?"

"सगळं."

"काय म्हणत होती?"

"तुले काहून सांगू?"

बायायच्या दोस्तीचा मले हेवा वाटला, हे आज लिहितो. तू कुकू पुसून माहेरी आली आन माही बायको गेल्यावर या घरात आपण दोघंच राह्यलो. इतक्या वर्षांत तू माह्यासंगं दुपारभर कधी बोलली नाही. बोलणार कशी? मी दोन शब्दात भांडणच काढो.

मग कार्तिकी एकादशी आली.

लहान एकादशीले मी कधी घरी नसो, वावरात भाकरी नेत होतो. तुम्ही दोघी काय खात, काय नाही, मले माहीत नव्हतं. मोठ्या एकादशीले आपल्या घरी दुपारी भजन आन माळकऱ्यायचं फराळ, ही आपल्या बापापासूनची रीत. त्या दिवशी माणसं भरपूर. सगळ्यायले निर्वासित पाहाचे होते. माह्या डोक्यात आलं, आज निताईच्या मायले पहिल्या पंगतीत बसवाचं आन मी वाढाचं. मी उभ्या जन्मात बाईमाणसाच्या ताटात कधी वाढलं नव्हतं. स्वतःच्या बायकोलेही नाही. तुह्या हातातून पातेलं घेतलं. तू म्हटलं, "अरे, तिले नको वाढू, थांब जरा." मी ऐकलं नाही. तिच्या ताटात भगरीचा ढीग घातला, वरून शेंगदाण्याची आमटी ओतली आन म्हटलं, "घ्या माय."

तिनं ताटाकडे पाह्यलं. दोन्ही हात मागं घेतले. मग बोटाच्या टोकानं ताट दूर सारलं, हात जोडले आन रडाले लागली.

सगळी पंगत थांबली. शेजारचा गणपत बोलला. त्याले बोलल्याशिवाय राहवते कुठं? "पाटील, निर्वासित बाईलेबी तुमच्या घरचं चालत नाई वाट्टे." दोघं-तिघं हसले.

बाई, माह्या कानातून जाळ निघाला. निताई उठून काही सांगाले आला, "मामा, माँ भात नहीं..." मी त्याले पुढं बोलू दिलं नाही. सगळ्यायच्या समोर म्हटलं, "जिथलं चालते तिथं जा मग. माह्या घरात माह्या अन्नाचा अपमान नाई पाह्यजे."

तू म्हटलं, "लेका, उपाशी हाये रे ती सकाळपासून."

मी म्हटलं, "उपाशी नाई, माजली हाये."

निताईले एवढी मराठी समजत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर कोठा झाडून साफ होता. त्यायनं घेतलेलं पांघरुण घडी करून गव्हाणीवर ठेवलेलं. तू पहिल्या गाडीवर त्यायले पोचवून येऊन चुलीसमोर बसली होती. मास्तरनं गार्डजवळ सांगून त्यायले नीट बसवून दिलं म्हणाली. सोबत भुईमुगाच्या भाजल्या शेंगा आन गूळ बांधून दिला म्हणाली. मग आठ दिवस काहीच म्हणाली नाही.

पुढच्या एकादशीपासून तू भगर केली नाही. तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. मले वाटलं, मले टोचाले करते. मी मुद्दाम तुह्यासमोर शेंगा फोडून खाल्ल्या. इतका मी हलकट.

लढाई लागली आन संपली. मास्तरच्या रेडिओपुढं सारं गाव जमलं, पेढे वाटले. मी पेढा घेऊन घरी आलो, तुह्या हातावर ठेवला. तू विचारलं, "जिंकले म्हणजे त्यायचं घर कोणं बांधून देल्लं काय?"

"मले काय माहीत."

"मंग पेढा कायचा?" म्हणून तू तो तुळशीच्या ओट्यावर ठेवला. मुंग्यायनं खाल्ला.

त्याच्यानंतर कोरडं साल आलं. हिंगोलीकडून लोकं बोचके घेऊन, ढोरं हाकत रस्त्यानं येत. मी हट्टानं पुढचं फाटक लावून घेतलं. म्हटलं, या घरात आता कोणाले ठेवाचं नाही, उपकार कोणी मानत नाही. तू माह्याशी वाद घातला नाही. मागच्या दारानं भाकरी देत राह्यली, पाणी देत राह्यली. एकदा एका बाळंतिणीले दोन रात्री कुडाच्या आड ठेवलं, मी सकाळी लेकराचं रडणं ऐकलं आन कूस बदलली. तुले वाटत असंन मले काहीच माहीत नाही. ज्वारीची कणगी खाली गेली की तिच्यात दोन पायल्या आणखी कोण टाकत होतं? तू नव्हती टाकत. तू कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. या घरात चांगली गोष्टही आपण चोरून केली. फाटक उघडं ठेवलं असतं तर दोघायनं मिळून केली असती.

त्याच सालात कार्ड आलं.

पोस्टमननं ते वावराच्या वाटेवर माह्या हातात दिलं. हिंदीत होतं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. मी बाभळीखाली बसून एक एक अक्षर लावून वाचलं. चांद्याकडच्या मामाच्या वस्तीत पोचलो, जमीन तोडाचं काम मिळते, माँ ठीक आहे. मग खाली लिहिलं होतं, त्या दिवशी ताटातलं ते भात आहे असं माँले वाटलं. आमच्याकडे विधवा एकादशीले भाताले शिवत नाही, पाणीही घेत नाही. मामा, तुम्ही स्वतःच्या हातानं वाढलं आन आपण घेऊ शकत नाही म्हणून ती रडली. माँ म्हणते, माफी करा. आन दीदीले दोन शब्द लिहाले सांगा, माँले चैन पडंन.

बाई, भगर. भगरीले ती भात समजली. आपल्या इथलं लहान लेकरूही सांगंन का भगर उपासाले चालते. तिच्या मुलखात भगर होत असंन नसंन, तिले काय माहीत. तिचा उपास तुह्या-माह्याहून कडक होता, आन मी तिले सगळ्यायसमोर माजली म्हटलं. आन माफी तिनं मागितली.

घरी येताना ठरवलं होतं, तुले वाचून दाखवाचं. तू दारात बसून वाती वळत होती. मी तुह्या पुढून गेलो. तू विचारलं, "पोस्टमन भेटला काय?" मी म्हटलं, "भेटला. काई नाई." बस. पहिल्या दिवशी निघालं नाही तोंडातून. दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाची लाज वाटली. महिन्यानं महिन्याची. मग साल झालं. तुले अक्षर येत नव्हतं, तू माह्या शब्दावर होती. पोस्टमन दिसला की तू काम सोडून अंगणात उभी राही, आन मी दुसरीकडे पाहत असो.

एक मले समजत नाही. त्या दिवशी तू म्हटलं होतं, "तिले नको वाढू." गाडीवर शेंगा आन गूळ दिला. पुढं पाणीही सोडलं. म्हणजे तुले आधीपासून समजलं होतं काय? कापसाच्या तासावर तिनं सांगितलं होतं काय? मग मले ओरडून काहून नाही सांगितलं? का सांगत होती आन मी ऐकलं नाही? तुह्यासंगं माहं हे भांडण बाकी आहे. आता मी एकटाच दोन्हीकडून बोलतो आन दोन्हीकडून हरतो.

तेरवी झाल्यावर मी कार्ड लिहिलं. कोणाले न विचारता, मराठीतच. दीदी वारली. तुमचं कार्ड मी तिले दाखवलं नव्हतं. एवढंच.

परवा सकाळच्या गाडीनं निताई आला.

मी त्याले ओळखलं नाही. केस पांढरे झाले, गाल आत गेले. त्यानं वाकून पायाले हात लावला, मी पाय मागं घेतला. मी विचारलं, "माँ कैसी है?"

"माँ तो पिछले बरस चली गई, मामा."

तोच पुढं म्हणाला, "जवाब का रास्ता देखती थी. आखिर तक बोलती थी, दीदी हमसे गुस्सा है."

बाई, तुह्यापर्यंत हे पोचत असंन तर ऐक. ती तू रागावली असं समजून गेली. आन तू ती विसरली असं समजून गेली. दोघींच्या मधात मी होतो, दुसरं कोणी नव्हतं. लढाईनं त्यायचं घर घेतलं, पण हे लढाईनं नाही केलं.

मी म्हटलं, "कार्ड मैंने दबाया. बाई को मालूम नहीं था. वो रोज पूछती थी." हिंदी माही अशीच. त्याले समजलं. त्यानं कोठ्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता उठून जाईन, जाऊ दे. त्यानं विचारलं, "बैल वही है?"

"एक वही है. दुसरा मर गया."

तो उठला, बैलाले पाणी पाजलं, त्याच्या मानेवरून हात फिरवला. बैलानं मागं वळून त्याच्याकडे पाह्यलं, जसं तव्हा पाहे.

मी भाकरी केली. महिनाभरापासून करतो, अजून जमत नाही. एका बाजूनं जळली, मधात कच्ची. त्याच्यापुढं ठेवली. त्यानं तुकडा मोडला, चावला आन म्हणाला, "माशी की रोटी ऐसी नहीं थी."

"नाई," मी म्हटलं.

त्यानं दोन खाल्ल्या. बोलता बोलता समजलं, त्याचा चांद्याकडचा मामाही गेला. त्या वस्तीत आता तो एकटाच राहते, सकाळी कामाले जाते, संध्याकाळी येऊन शिजवते. मीही तेच करतो म्हटलं. तीनच्या गाडीवर मी त्याले पोचवाले गेलो. त्याले तुह्यासारख्या शेंगा बांधून द्याच्या होत्या, पण घरात नव्हत्या, आन उधार मागाले मी गणपतच्या दारात गेलो नाही. गाडी आली, तो चढला, खिडकीतून हात जोडले. गाडी वळणापलीकडे गेली, फाटकवाल्यानं फाटक उघडलं, बैलगाड्या रुळावरून निघून गेल्या. तव्हा माह्या ध्यानात आलं का मी त्याले थांब म्हटलंच नाही. तो सकाळपासून दुपारपर्यंत वाट पाहत होता काय? एवढ्या दूर माणूस फक्त पाया पडाले येते काय? तू पहिल्या दिवशी विचारलंही नव्हतं, भाकरी वाढली होती.

कालपासून कोरं कार्ड पुढं घेऊन बसलो आहे. लिहाचं एवढंच आहे, राहाले ये. कोठा नाही, घरात ये. हात चालला नाही. तुले सगळं सांगितल्याशिवाय त्याले काही लिहाचा मले हक्क नाही असं वाटलं, म्हणून हा कागद आधी लिहिला.

मागचं कार्ड मी मराठीत लिहिलं, ते त्याले कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं. हिंदी अक्षरं आता तो लावून वाचते म्हणाला, म्हणून हे त्यानं एकट्यानं वाचावं असं वाटते. "राहाले ये" हे हिंदीत कसं लिहितात ते मले येत नाही. मास्तरले विचारावं लागंन. तो विचारीन कोणाले लिहिता, काहून लिहिता, आन मले सगळं सांगावं लागंन. सांगतो.

चप्पल घातली आहे. जातो, बाई.